पाच मिनिटांत काटकोन

"मिलिंग मशीनचं हेड मी पाच मिनिटांत सरळ करून दाखवतो," असं जावयाने जेवताना, सगळ्यांच्या देखत, भाजीचा चमचा हवेत धरून जाहीर केलं आणि त्या क्षणापासून त्याचे ग्रह फिरले.

सासरे काही बोलले नाहीत. आता, न बोलणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हे. खाली कारखान्यात कोणी चुकीचा पाना उचलला तरी त्यांचा आवाज वरच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि सासूबाईंच्या हातातली वाटी निसटायची. पण जावयाला अरे-तुरे करायचं नाही आणि त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, असा पण त्यांनी मुलीच्या लग्नातच केला होता. चार वर्षं तो त्यांनी पाळला. त्यापायी त्यांचा रक्तदाब वाढला, पण पण मोडला नाही. जावयाला सांगायचं ते "जावईबापू, जरा बघता का" असं मऊ करून सांगायचं आणि उरलेला राग घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी काढायचा, अशी त्यांची व्यवस्था होती.

जावई आधी कार्यालयांमधून झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करत हिंडायचा. ती कंपनी बंद पडली तेव्हा बायको म्हणाली, बाबांच्या हाताखाली शिक. घर वर, कारखाना खाली. गेले आठ महिने तो तिथेच राहत होता आणि तिथेच शिकत होता. घरजावई हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे आणि कोणी तो उच्चारत नाही, हे त्याला रोज ऐकू येत असे.

मिलिंग मशीन जावयापेक्षा वयाने मोठं होतं. त्याचं हेड, म्हणजे जिथे कटर फिरतो तो वरचा भाग, वाकवता येतो. तिरका जॉब आला की हेड वाकवायचं, झाला की परत सरळ आणायचं. वाकवणं सोपं, सरळ आणताना मात्र घाम फुटतो. हेड मशीनच्या टेबलाशी बरोबर काटकोनात हवं. केसभर जरी कललं तरी कटर सपाट तासत नाही, एका कडेने खणत जातो. सासरे हे काम जुन्या पद्धतीने करायचे. स्पिंडलला, म्हणजे कटर बसतो त्या फिरत्या दांड्याला, एक वाकडी सळई, तिच्या टोकाला काट्याचं डायल. ते हाताने गोल फिरवायचं, डावीकडे किती दाखवतंय बघायचं, उजवीकडे किती बघायचं, हेडला हातोडीने हळूच टपली मारायची, परत फिरवायचं. डावं-उजवं जमलं की मागचं-पुढचं बिघडायचं. यात अख्खी सकाळ जायची.

आणि आता सासऱ्यांना तो काटाच दिसेनासा झाला होता. टॉर्च झाली, भिंग झालं. शेवटी ते तोंड दुसरीकडे करून जावयाला विचारायचे, "काय दाखवतंय हो?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बारीक बघण्याचे दिवस संपले, यावर शस्त्रक्रियाही नाही. तेव्हा सासऱ्यांनी ठरवलं, की महिनाअखेर मिलिंगला रामराम करायचा. जावयाने तोवर स्वतः हेड लावून एक जॉब सपाट काढून दाखवला तर मशीन त्याच्या हाती, नाहीतर जुन्या मशिनींचा दलाल ते घेऊन जाईल. तो दलाल दोनदा येऊन मशीनला थोपटून गेला होता. सासऱ्यांना ते थोपटणं अजिबात आवडलं नव्हतं. जावयालाही नाही, कारण त्याला ते मशीन मनापासून हवं होतं. आठ महिन्यांत आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट अशी हवी झाली होती.

म्हणून त्याने ते इलेक्ट्रॉनिक मीटर मागवलं. दिसायला उलट्या 'टी' सारखं. दांडा स्पिंडलमध्ये बसतो, आडव्या पट्टीच्या दोन टोकांना दोन पाय. प्रत्येक पायात एक दबणारी सुई आणि तिच्यामागे सेन्सर. स्पिंडल खाली घेऊन दोन्ही पाय टेबलाला टेकवले की मधल्या पडद्यावर दोन आकडे उमटतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. कुठला पाय जास्त दबला ते लगेच कळतं. हेडचे बोल्ट ढिले करायचे, दोन्ही आकडे शून्य होईपर्यंत हेड सरकवायचं, मग पट्टी पाव फेरा वळवून मागचं-पुढचं तसंच करायचं. डायलसारखं गरागरा फिरवत बसायला नको. खोक्यावर तर ठळक छापलंच होतं: अर्धा फेरा फिरवण्याची गरज नाही.

फक्त माहितीपत्रकात सुरुवातीला एक ओळ होती. मीटर पहिल्यांदा एखाद्या अगदी सपाट पृष्ठभागावर ठेवा आणि शून्याचं बटण दाबा. म्हणजे सपाट कशाला म्हणतात हे आधी मीटरला शिकवायचं, मग ते तसंच सगळीकडे मोजतं.

कारखान्यात त्यासाठीच असलेला काळा दगड होता. पॉलिश केलेला, आरशासारखा सपाट, वर जाड कापडाचं आवरण. पण सासरे रोज सकाळी त्याच्याजवळ बसून त्याला पुसायचे आणि त्याला हात लावायचा तर विचारावं लागायचं. विचारलं की कबूल करावं लागणार, की पाच मिनिटांच्या कामाआधी पंधरा मिनिटांची तयारी असते. आठ महिन्यांत एकदा कुठे रुबाब केला होता, त्याला अशी चूड कोण लावेल? त्यामुळे जावई सपाट जागा शोधत वर घरात आला आणि त्याची नजर जेवणाच्या टेबलावरच्या काचेवर पडली. काच सपाट असते हे कोणालाही माहीत आहे!

सकाळी चहाच्या आधी, सासूबाई गच्चीत कपडे वाळत घालायला गेल्यावर त्याने मिठाची बाटली बाजूला सारली, मीटर त्याच्या बैठकीसकट काचेवर मांडलं आणि बटण दाबलं. दोन्हीकडे शून्य. ती दोन शून्यं बघून त्याला भरून आलं. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने एवढंच विचारलं, की हे बाबांना विचारून चाललंय का. जावई म्हणाला, की यात विचारण्यासारखं काय आहे.

त्याच दिवशी बेकरीवाला आला. पलीकडच्या चौकात त्याची भट्टी. कणीक मळायच्या यंत्राच्या गिअरबॉक्सचं झाकण तडकलं होतं आणि दोन दिवस तो हातांनी मळत होता. खांद्यावर लेप लावून आला होता बिचारा. नवं झाकण ओतून तयार होतं, फक्त त्याची बसणारी बाजू सपाट तासून हवी होती, म्हणजे आतलं तेल बाहेर झिरपणार नाही. सासरे जावयाला म्हणाले, "हे तुम्ही करा. मी बघणारसुद्धा नाही." आणि कोपऱ्यात जाऊन त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. त्यांना ते वाचता येत नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

जावयाने मीटर बसवलं, बोल्ट ढिले केले, हेड सरकवलं, आकडे शून्यावर आणले, पाव फेरा वळवून परत शून्यावर आणले, बोल्ट आवळले. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटं वीस सेकंद. वर्तमानपत्र खाली आलं. सासऱ्यांनी विचारलं, की मागचं-पुढचंही झालं का. जावई म्हणाला, झालं. सासरे मशीनपाशी आले आणि हेडवरून हात फिरवून म्हणाले, "वा." चार वर्षांच्या संसारात जावयाच्या वाट्याला आलेला हा पहिलाच वा. त्या नादात त्याने झाकण तासलं, पुसलं, चकाकवलं आणि बेकरीवाल्याच्या हातात अशा थाटात ठेवलं, की त्याने ते नमस्कार करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला परत आला. अंगावरचा पांढरा अ‍ॅप्रन बेंबीपासून खाली काळा झाला होता. झाकणातून तेल गळत होतं.

सासऱ्यांनी झाकण हातात घेतलं आणि तासलेल्या बाजूवरून आडवं नख फिरवलं. डोळे गेले तरी नखं शाबूत होती. नख सुळकन जायला हवं होतं, ते टक, टक, टक करत गेलं. कटरच्या प्रत्येक फेरीने आपली स्वतंत्र पन्हळ काढली होती. सासऱ्यांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "जावईबापू, जरा नख फिरवून बघता का," आणि मग जिन्याकडे तोंड करून सासूबाईंना ओरडले, की चहा थंड का आहे. चहा अजून केलेलाच नव्हता.

जावयाने नख फिरवलं. टक, टक. त्याने मीटर लावून बघितलं, तर शून्य, शून्य. आता इथे शहाण्या माणसाने मीटरवर संशय घ्यायला हवा होता. पण ज्या मीटरने आपल्याला सासऱ्यांचा पहिला वा मिळवून दिला, त्याच्यावर संशय कसा घेणार? हेड सरळ आहे, म्हणजे झाकण सपाट आहे. झाकण सपाट आहे आणि तेल गळतंय, म्हणजे गिअरबॉक्स वाकडा आहे. नखाला लागतात त्या नुसत्या हत्याराच्या खुणा. हे त्याने बेकरीवाल्याला अर्धा तास समजावून सांगितलं आणि इतके शंभरावे भाग त्याच्या अंगावर फेकले, की तो माणूस गिअरबॉक्स आणायला तयार झाला, निदान तेवढं ऐकणं तरी संपेल म्हणून.

सत्तर किलोचा तो गिअरबॉक्स हातगाडीवरून आला. सोबत पिठाने माखलेले दोन कामगार. सासऱ्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि एका कामगाराला हातगाडी वाकडी लावली म्हणून झापलं. जावयाने गिअरबॉक्सचं तोंडही त्याच हेडने, तितक्याच आत्मविश्वासाने तासलं. मग झाकण बसवलं, बोल्ट आवळले, तेल भरलं आणि सगळे भोवती उभे राहिले.

काल तेल गळत होतं, आज ते वाहायला लागलं. एका पन्हळीवर दुसरी पन्हळ ठेवली, की आणखी काय होणार! तेल मशीनखालून निघालं, सासऱ्यांच्या खुर्चीला वळसा घालून गेलं आणि उंबऱ्याशी थांबलं. बेकरीवाला पालथ्या बादलीवर बसला आणि शांतपणे म्हणाला, की उद्या सकाळी सहा वाजता इस्पितळाला तीनशे ब्रेड द्यायचे आहेत आणि आता त्याच्याकडे झाकण तर नाहीच, पण गिअरबॉक्सही राहिलेला नाही.

जावई मीटर घेऊन वर पळाला. काचेवर ठेवलं. शून्य. खाली आला, मशीनला लावलं. शून्य. परत वर. परत खाली. काच म्हणत होती मशीन बरोबर आणि मशीन म्हणत होतं काच बरोबर. दोघांचं एकमेकांशी इतकं पटलं होतं, की मध्ये तिसऱ्याला जागाच नव्हती. सातव्या खेपेला बायकोने जिन्यात त्याला अडवून पाणी दिलं. तेवढ्यात खालून सासऱ्यांचा आवाज आला. ते सासूबाईंना हळू आवाजात सांगत होते, म्हणजे चौथ्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या, की उद्या दलालाला फोन लावून दे.

जावई पाण्याचा पेला तसाच परत देऊन खाली आला आणि खरं तेच बोलला, की आपल्याला काही कळत नाहीये.

सासरे उठले. मशीनपाशी आले. "जावईबापू, रागावू नका. पण हे मीटर अर्धा फेरा फिरवून बघितलंत का?"

"त्याची गरज नसते, बाबा. तोच तर याचा फायदा आहे. खोक्यावरच छापलंय."

सासऱ्यांनी खोक्याकडे बघितलं, तेलाकडे बघितलं, बादलीवरच्या बेकरीवाल्याकडे बघितलं. घरातल्या सगळ्यांना आळीपाळीने ओरडून झालं होतं. आता ओरडायला कोणी उरलं नव्हतं.

"फिरव म्हणतो ना!"

चार वर्षांचा पण असा मोडला. जिन्यात सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. जावयाने मात्र निमूटपणे पट्टी अर्धी फिरवली, डावा पाय उजवीकडे आला, उजवा डावीकडे आणि दोन्ही टेबलाला टेकवले. पडद्यावर शून्य नव्हतं. एका पायात अठरा शंभरावे भाग जास्त दिसत होते.

सासऱ्यांनी मग त्याला सांगितलं, आणि चक्क शांतपणे सांगितलं, की मशीन वाकडं असेल तर वाकडेपणा मशीनपाशीच राहतो, पाय बदलले तरी जागा बदलत नाही. पण मीटरच वाकडं शिकलं असेल, तर त्याच्याबरोबर वाकडेपणाही फिरतो. आणि तू हेड त्याच्या मताप्रमाणे लावलंस, म्हणून आता चूक दुप्पट दिसते आहे. डायल काय, मीटर काय, उलटं करून विचारल्याशिवाय कोणाच्याच शब्दावर जायचं नाही.

"याला शून्य कुठे शिकवलंस?"

"वर," जावई म्हणाला. "जेवणाच्या टेबलावर. काचेवर."

बेकरीवाल्याला काही कळेना, पण घरच्यांना सगळं कळलं. कारण त्या काचेखाली काय काय सरकवून ठेवलंय हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. सगळे वर गेले. बेकरीवालाही गेला, आता त्याला काहीच बघायचं बाकी ठेवायचं नव्हतं. बायकोने काचेला डोळा लावून बघितलं आणि म्हणाली, की इथे काच चक्क वर आलीय. खाली फ्रिजचं हमीपत्र होतं, दवाखान्याची कागदं होती, दोन लग्नपत्रिका होत्या आणि या सगळ्यांच्या वर, जाड प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, जावयाचं प्रशस्तिपत्रक होतं. झेरॉक्स कंपनीच्या प्रशिक्षणात 'अचूक जुळणी' या विषयात पहिला आल्याबद्दल. आठ महिने तो रोज त्यावर ताट ठेवून जेवत होता. त्याला जाडी असते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मीटरचा डावा पाय बरोबर त्याच्या नावावर उभा होता.

"लग्न ठरलं तेव्हा मीच ठेवलं होतं ते," सासरे भिंतीकडे बघत म्हणाले. "आल्यागेल्याला दिसावं म्हणून."

चार वर्षांत एकच वा मिळाला, असं जावई धरून चालला होता. एक वा तर रोज त्याच्या ताटाखाली होता.

पण तीनशे ब्रेड वाट बघत होते. खाली आल्यावर सासऱ्यांनी दगडावरचं कापड स्वतः काढलं. जावयाने दगडावर मीटर ठेवून बटण दाबलं, मग मीटर अर्धा फेरा वळवून, पाय उलटसुलट करून पुन्हा ठेवलं. दोन्ही वेळा शून्य. मशीनला लावून तो बोल्ट ढिले करणार, तेवढ्यात सासरे म्हणाले, "थांब जरा." ते पडद्यासमोर वाकले. मग सरळ झाले. मग चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. पडद्यावरचे आकडे चांगले अंगठ्याएवढे होते, काळ्यावर हिरवे.

"नऊ," ते म्हणाले. जावयाने हेड किंचित सरकवलं. "सात." आणखी किंचित. "दोन." वर्षभरात टॉर्चशिवाय, भिंगाशिवाय, कोणाला न विचारता त्यांनी वाचलेले हे पहिले आकडे होते. मग त्यांनी जावयाला हाताने अलगद बाजूला केलं आणि पाना आपल्या हातात घेतला.

हेड त्यांनी चार मिनिटांत लावलं. मग मुद्दाम बिघडवून परत लावलं. मग आणखी एकदा. बेकरीवाल्याने हात जोडले तेव्हा कुठे तासायला घेतलं. झाकण आणि गिअरबॉक्स, दोन्हींवरून केसभर पातळ थर उतरवला. नख सुळकन गेलं. तेल भरलं आणि ते आतच राहिलं. उन्हं उतरायच्या आत हातगाडी परत गेली आणि इस्पितळाला ब्रेड वेळेवर पोचले.

महिनाअखेर आली. जावई दाढी करून, धुतलेला शर्ट घालून खाली गेला. सासरे फोनवर होते. दलालाला ते सांगत होते, की मशीन विकायचं नाही, पुन्हा थोपटायला येऊ नकोस. जावयाची छाती वीतभर फुगली. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, की मग आजपासून मशीन जावईबापूंकडे का.

"त्याच्याकडे कशाला?" सासरे म्हणाले. "आता दिसतंय की मला! अजून दहा वर्षं तरी मी हलत नाही इथून."

जावयाला वाईट वाटलं. सासऱ्यांचा चेहरा बघून आनंदही झाला. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकाच वेळी झाल्याने त्याचा चहा नाकात गेला. हल्ली तो रोज सकाळी दगड पुसतो, शून्याचं बटण दाबतो, मीटर उलटं करून बघतो आणि सासऱ्यांच्या हातात देऊन बाजूला उभा राहतो. सासरे त्याला दिवसभर अरे-तुरे करतात आणि पाना चुकला की आवाज वर स्वयंपाकघरात ऐकू येतो. मीटर कसं काय आहे, असं कोणी विचारलं तर तो मनापासून सांगतो, की उत्तम आहे, जरूर घ्या. फक्त घेताना बारीक आकड्यांचं बघून घ्या.